दोन पांढरी पानं

टक्.

पावनीला वाटलं, ताटातला तांदूळ सांडला. पंतुलुगारूंनी, म्हणजे भटजींनी, नुकताच हात वर करून सगळ्यांना गप्प केलं होतं. पोरीच्या पहिल्या अक्षराचा मुहूर्त लागायला चार मिनिटं होती आणि समई विझू नये म्हणून सासूबाईंनी, अत्तय्यांनी, पंखासुद्धा बंद ठेवला होता. त्या शांततेत हा एवढासा आवाज झाला, आणि काहीतरी बारीक, पांढरं, फरशीवरून गडगडत उंबऱ्यापर्यंत गेलं. तिथे चिन तातय्याच्या, म्हणजे आजेसासऱ्यांच्या धाकट्या भावाच्या, अंगठ्याला लागून थांबलं.

तांदूळ असा गडगडत नाही.

चिन तातय्याने वाकून ते उचललं. बाहत्तर वर्षांचा माणूस, चष्मा नाही. चिमटीतली वस्तू त्याने डोळ्यांजवळ नेली, उजेडाकडे फिरवली, आणि एकदम मूठ मिटून हात मांडीवर ठेवला. हस्तिदंताची मेख होती ती, मुगाच्या दाण्याएवढी.

"लास्या, हात मागे," पावनी दबक्या आवाजात म्हणाली.

पण लास्याचा हात मागे आला नाही. ती तातय्यांच्या, आपल्या पणजोबांच्या, मांडीवर बसली होती, नव्या हिरव्या परकरात, कपाळावर चंदनाचा गोल टिळा. पुढ्यात घराण्यातली लिहायची पेटी मांडलेली. उतरत्या झाकणावर पितळी ताट, ताटात हळदीचे तांदूळ. चार वर्षांच्या पोरीला चार मिनिटं म्हणजे किती! तिने पेटीच्या कडेच्या कोरीव पट्टीखाली नख घातलं होतं.

"अम्मा, हे हलतंय," ती म्हणाली, आणि वहीचं पुठ्ठ्याचं पान उचलावं तशी तिने ती हस्तिदंताची पट्टी उचलली.

"छत्री!" ती आनंदाने ओरडली. "अम्मा, आत छत्री आहे!"

पावनी पुढे झुकली. दिवाकर, तिचा नवरा, तिच्या खांद्यावरून वाकला. पट्टीखाली जुन्या चंदनाचा तपकिरी रंग दिसायला हवा होता. दिसत होती एक फिकट, पिवळसर, स्वस्त फळी. आणि तिच्यावर लाल रंगात छापलेली उघडी छत्री. छत्रीशेजारी एक बाण, अर्धा करवतीने कापलेला.

मागच्या महिन्यात घरी फ्रिज आला तेव्हा त्याच्या खोक्यावर अशीच छत्री होती. लास्याने विचारलं होतं आणि दिवाकरने सांगितलं होतं, याचा अर्थ पावसात भिजवू नका. पोरगी ते विसरली नव्हती. ती काहीच विसरत नसे.

"ही तर बंदरावरच्या खोक्याची फळी," दिवाकर म्हणाला. म्हणाला आणि त्याचं त्यालाच कळलं आपण काय बोललो ते.

कारण ही पेटी वीरन्नाची होती. वीरन्ना म्हणजे तातय्यांचे आजोबा. एका गोऱ्या साहेबासाठी त्यांनी ती दीड वर्ष खपून केली, आणि साहेब तापाने गेला, पेटी घरात राहिली. तेव्हापासून या घरातल्या प्रत्येक मुलाचं पहिलं अक्षर तिच्यावर उमटायचं. एरवी ती रेशमी फडक्यात. वीरन्नाच्या काळात बंदरावर अशा छत्र्या छापलेली खोकी येत नव्हती, हे कळायला कारागीर असण्याची गरज नव्हती.

सगळ्यांनी तातय्यांकडे पाहिलं. अप्पलाचारी, वय चौऱ्याऐंशी, गळ्यात जानवं, अंगावर जरीकाठी शेला. हस्तिदंतावर बंदी आली तेव्हा गावात या कामातला त्यांच्या तोडीचा दुसरा हात नव्हता. त्यांनी पणतीच्या हातातून पट्टी काढून घेतली, छत्रीवर ठेवली आणि वर तळवा दाबून धरला.

"पंतुलुगारू," ते म्हणाले, "चालू ठेवा."

*

जगन्नाधमला, म्हणजे तातय्यांच्या मुलाला, पहिल्यांदा आठवलं ते वाक्य. चावी दोघांकडेच होती.

एकतीस वर्षं झाली. बंदी आल्यावर घरोघरचा हस्तिदंत मोजायला वनखात्याची माणसं आली होती. घरात एक अखंड सुळा उरला होता, मांडीएवढा जाड. सगळ्या गल्लीला ठाऊक होता. मोजायला कपाट उघडलं तर तिथे सुळ्याला गुंडाळलेलं गोणपाट होतं, सुळा नव्हता. गल्ली दारात जमली. आणि वडील कुणाकडेही न बघता एवढंच म्हणाले होते, चावी दोघांकडेच होती. एक त्यांच्याकडे, एक धाकट्या भावाकडे.

पुढचं काही त्यांनी म्हटलं नाही. म्हणायची गरज पडली नाही. पुढचं जगन्नाधमने केलं होतं. सव्वीस वर्षांचा होता, अंगात रग होती. ज्या बाबायने, म्हणजे याच चिन तातय्याने, त्याला करवत धरायला शिकवली त्या बाबायची हत्यारांची पेटी त्याने उचलली आणि रस्त्यावर नेऊन ठेवली. ठेवली म्हणजे आपटली. त्या आपटण्याचा आवाज आत्ता पुन्हा कानात आला, आणि त्याने वडिलांच्या तळव्याखालच्या पट्टीकडे पाहिलं. मग शेजारच्या पट्टीकडे. मग झाकणावरच्या मोठ्या हस्तिदंती फलकाकडे, ज्यावर वेली होत्या आणि मोर होते. एवढा हस्तिदंत. मांडीएवढा जाड सुळा चिरला तर किती निघेल, हे त्याला मनात मोजता येत होतं. तो कारागीर होता. त्याचं दुर्दैव तेच.

"नान्ना," तो म्हणाला. "तो सुळा यात आहे?"

"अरे, हे काय?" पैडम्मा पुढे आली. जगन्नाधमची बहीण, जिभेने तिखट. सकाळीच चिन तातय्या दारात दिसला तेव्हा ती स्वयंपाकघरात येऊन पावनीला म्हणाली होती, 'चांदीची भांडी मोजून ठेव ग.' आता ती कमरेवर हात ठेवून बापासमोर उभी राहिली. "नान्ना, बोला ना. हा काय विचारतोय? सुळा तर बाबायने विकला. आपण सगळे तसंच म्हणतो. मी माझ्या सासरी तसंच सांगितलंय. लोक विचारतात, तुझा काका का येत नाही, तर मी तोंड वर करून सांगते!"

"वदिना, हळू," अत्तय्या म्हणाल्या. पावनीच्या सासूबाई, सत्यवती. त्यांचं म्हणणं नेहमी एकच असे, आधी काम उरकू द्या. "पोरीचं अक्षर होऊ द्या. मग काय ते बोला. मोठ्या माणसाला असं उभं करतात का?"

"अकरा मिनिटांचा मुहूर्त आहे," पंतुलुगारू घड्याळ बघत म्हणाले. "आणि मला बारा वाजता दुसरीकडे सत्यनारायण आहे. मी आपलं सांगून ठेवतो."

तातय्यांनी तळवा पट्टीवर तसाच दाबून धरला होता. त्याखाली मांडीवर बसून लास्या वर बघत होती.

"तातय्या," ती म्हणाली, "हात काढा ना. मला छत्री बघायचीय."

*

नूकाचारी, म्हणजे चिन तातय्या, उंबऱ्यापाशीच बसून होता. सकाळपासून तो तिथून पुढे आला नव्हता. पावनीने पाणी आणलं तेव्हा त्याने पिशवीतली बाटली दाखवली होती. 'माझं मी आणलंय, अम्मा.'

ही पोरगी नसती तर तो आलाच नसता. मागच्या पावसाळ्यात ती त्याच्या गावी, एटिकोप्पाकाला, लेकीसाठी लाखेची खेळणी घ्यायला आली आणि त्याच्या लाकूड कातायच्या लेथपाशी येऊन थांबली. नाव विचारलं. मग म्हणाली, 'मी दिवाकरची बायको. तुम्ही माझे चिन तातय्या लागता.' एकतीस वर्षांत त्या घरातलं कुणी त्याला काही लागत नव्हतं. पुढे फोन केला. म्हणाली, तातय्यांना विचारलं, ते म्हणाले, ये म्हणावं. त्या दोन शब्दांवर तो पहाटेची बस धरून आला होता. वाटभर म्हणत होता, आज अन्नय्या, आपला थोरला भाऊ, बोलेल. बोलायचं असल्याशिवाय ये कशाला म्हणेल?

आणि अन्नय्या म्हणाला, चालू ठेवा.

त्याने मूठ उघडली. मेख घामाने ओली झाली होती.

"पैडम्मा," तो म्हणाला, "झाकणावरची पांढरी पानं मोज."

"काय?"

"मोज ग. डोळे चांगले आहेत ना तुझे?"

घरातल्या सगळ्यांना ही रीत ठाऊक होती. हस्तिदंतावर वेल कोरायची, कोरलेल्या रेघांत गरम काळी लाख भरायची, खरवडून घासायची, की रेघा काळ्या उठतात. पण एक पान तसंच सोडायचं. लाख न भरता, पांढरं. दृष्ट लागू नये म्हणून. प्रत्येक कारागिराची पान सोडायची जागा ठरलेली. वीरन्नाची जागा उजव्या मोराच्या शेपटीमागची.

पैडम्मा वाकली. तिचं बोट झाकणाच्या कडेने फिरत गेलं. मोरामागे थांबलं. मग पुढे गेलं, आणि डाव्या खालच्या कोपऱ्यात, जिथे वेल वळते तिथे पुन्हा थांबलं.

"दोन आहेत," ती म्हणाली.

पावनीने ती दोन्ही पानं आधी पाहिली होती. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला पेटी पुसताना तिने तातय्यांना विचारलंही होतं, दोन कशी? आणि कधी आवाज न चढवणारे तातय्या तिच्या अंगावर ओरडले होते, 'तुझ्या माहेरी कोरायचे का? मग गप्प पूस!' ती त्या दिवशी न्हाणीघरात जाऊन रडली होती. पुढे विसरली.

"वीरन्नाचं पान अन्नय्याने हुबेहूब उतरवलं, जागच्या जागी," नूकाचारी म्हणाला. "मोराचं एकेक पीस उतरवलं. कुणालाही फसवेल असं. पण स्वतःचं पान सोडल्याशिवाय त्याचा हात थांबेना. डावा खालचा कोपरा कुणाचा? बोल, जगन्नाधम. तुला शिकवलंय मी."

तो कोपरा तातय्यांचा, हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक होतं.

"म्हणजे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?" दिवाकरने विचारलं.

"तुझ्याच वेळी कळलं. तुझं अक्षर होतं, तू असाच अन्नय्याच्या मांडीवर. मी पेटी उचलून आणली आणि हाताला हलकी लागली. चंदनाचं वजन नव्हतं त्यात. मग पानं दिसली. म्हटलं, केली असेल नवी, का केली ते सांगेल कधीतरी. सुळ्याचं नाही आलं डोक्यात. ते आलं चार महिन्यांनी, कपाट उघडलं तेव्हा." तो थांबला. "चावी दोघांकडेच होती म्हणालास तेव्हा मी तुझ्याकडे बघत होतो, अन्नय्या. तू खाली बघत होतास."

"मग बोलला का नाहीत?" पैडम्मा किंचाळली. आता तिचा राग कुणावर होता हे तिलाही कळत नव्हतं. "तोंड नव्हतं का तुम्हाला? आम्हाला एकतीस वर्षं खोटं बोलायला लावलंत!"

"बोललो असतो तर तुझ्या बापाने ही पेटी चुलीत घातली असती." नूकाचारीने पेटीकडे हनुवटी केली. "बघ तरी तिच्याकडे. वीरन्नापेक्षा चांगली झाली आहे. आपल्या घरात शंभर वर्षांत असं काम झालं नाही. मी कसा सांगू?" मग हळू, "आणि रागही होता. म्हटलं, तो स्वतः येईल. एटिकोप्पाका काय लांब आहे? दोन तासांची बस."

*

तातय्यांनी पट्टीवरचा तळवा काढला.

छत्री पुन्हा दिसली. लास्याने लगेच तिच्यावर बोट ठेवलं.

"लाख फिकी पडली होती," ते म्हणाले. ते कुणाला सांगत होते कळत नव्हतं, कदाचित मांडीवरच्या पोरीलाच. "दिवाकरचं अक्षर यायचं होतं. पहिला नातू. म्हटलं, पेटी नव्यासारखी करू. पट्ट्या समुद्राच्या हवेने उचलल्या होत्या, त्या सोडवल्या. वाकलेला हस्तिदंत आपण कसा सरळ करतो? लिंबाच्या पाण्यात भिजवून, ओल्या फडक्यात दाबून. आयुष्यभर केलं. तसंच केलं. सकाळी फडकं उघडलं..."

त्यांनी दोन्ही तळवे उघडून त्यांकडे पाहिलं.

"सव्वाशे वर्षांचा होता तो," नूकाचारी दारातून म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज मऊ होता. "ताजा नव्हता, अन्नय्या. ताज्याला पाणी चालतं."

"कांद्याचे पापुद्रे निघावेत तसा निघाला. हात लावीन तिथून. वीरन्नाचे मोर माझ्या हातावर चुरा होऊन आले. मी कारागीर म्हणवतो! शिकाऊ पोराने केली असती ही चूक तर मी त्याच्या कानाखाली दिली असती." तातय्यांनी नाक ओढलं. "बंदराकडे एक खोली घेतली. घरी सांगितलं कोलकात्याच्या शेठचं काम आहे. पाच महिने. सुळा नेला. पट्ट्या सोडवताना जुनं चंदन तडकलं होतं, नवं मिळेना, मग खोकी फोडली. सुकलेलं लाकूड होतं. आत कोण बघणार?"

"आणि खात्याची माणसं आली तेव्हा?" जगन्नाधमने विचारलं. "तेव्हा तरी?"

"तेव्हा सगळी गल्ली दारात होती."

एवढंच. अत्तय्यांनी पदराने डोळे टिपले आणि पुन्हा आपल्या वळणावर आल्या. "झालं ना आता? सांगितलं त्यांनी. म्हातारं माणूस आहे. पंतुलुगारू, किती वेळ राहिला?"

"सहा मिनिटं."

"बसा सगळे. बसा." मग त्यांना काहीतरी सुचलं. "मावय्या, पण त्या जुन्या पेटीचं लाकूड? चंदन होतं ना ते? ते कुठे..."

तातय्यांनी देवघराकडे पाहिलं.

सहाणेवर चंदनाचं खोड होतं. एकतीस वर्षं अत्तय्या रोज सकाळी ते उगाळत आल्या होत्या. देवाला, मग घरातल्या प्रत्येकाच्या कपाळाला. दिवाकरच्या मुंजीला, पैडम्माच्या मुलींच्या बारशाला. सुरुवातीला अशी आठ-दहा खोडं होती, कपाटात, एकसारखी चौकोनी कापलेली. संपत आली होती. सहाणेवरचं बोटाएवढं उरलं होतं.

"टाकवेना," तातय्या म्हणाले. "तेवढं टाकवेना ग."

अत्तय्यांचा हात कपाळाकडे गेला आणि मध्येच थांबला. त्यांनी बोटांकडे पाहिलं. पिवळसर डाग होता, सकाळचा. मग त्यांनी लास्याच्या कपाळाकडे पाहिलं, आणि ज्या बाई या घरात सदैव मोठ्यांची बाजू घेत आल्या त्या मावय्यांकडे पाठ करून भिंतीला टेकून बसल्या. "मीच उगाळून संपवली," त्या म्हणाल्या. "मीच. रोज. आणि मला सांगितलं नाहीत." त्यानंतर त्या दिवसभरात सासऱ्यांशी एक शब्द बोलल्या नाहीत.

*

जगन्नाधम उठला, उंबऱ्याकडे गेला आणि बाबायच्या पायांवर वाकला.

नूकाचारीने पाय मागे घेतले. "पाय राहू देत. माझी पेटी रस्त्यावर ठेवलीस तेव्हा त्यात माझी बारीक करवत नव्हती. शिसवी मुठीची. ती दे."

जगन्नाधम तसाच वाकलेला राहिला. ती करवत रोज त्याच्या हातात असे. तिची मूठ झिजून आता त्याच्याच पंजाच्या आकाराची झाली होती. तो आत गेला, ती घेऊन आला, धोतराने पुसून दोन्ही हातांनी पुढे केली. बाबायने मूठ धरून पाहिली, तोंड वाकडं केलं. "माझी राहिली नाही ही," म्हणाला, पण पिशवीत घातली.

"नूका," तातय्यांनी हाक मारली. "इकडे ये. पोरीचं बोट तू धर. माझा हात स्थिर नाही."

पंतुलुगारूंनी चमकून वर पाहिलं. बोट धरायचा मान घरातल्या थोरल्या कारागिराचा. थोरला असताना धाकट्याने धरलं असं या घरात कधी घडलं नव्हतं.

"नाही," नूकाचारी म्हणाला. "आधी तू सांग."

"सांगितलं ना आत्ता. सगळ्यांसमोर."

"घरात सांगितलंस. तेव्हा गल्लीत म्हणाला होतास."

"बाबाय, चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत ते," पैडम्मा म्हणाली, मग तिचं तीच थांबली. तिने बापाच्या बगलेत हात घातला. "चला, नान्ना. उठा. मी धरते."

पावनीने लास्याला उचलून घेतलं. तातय्या उठले. पाच पावलांना किती वेळ लागावा! भावाच्या अंगावरून ओलांडून जाऊ नये म्हणून ते थांबले; नूकाचारी सरकला. उंबऱ्याबाहेर उन्हात उभं राहून त्यांनी शेला सारखा केला.

गल्लीत दुपारच्या आधीची सामसूम होती. समोर पूर्वी सोनाराचं घर होतं तिथे मिक्सर दुरुस्तीचं दुकान. बाजूला देवळाच्या वाटेवर फुलं विकणारी एक बाई कनकांबराचे म्हणजे अबोलीचे गजरे ओवत बसली होती. एकतीस वर्षांपूर्वी दारात जमलेल्यांपैकी कुणी उरलं नव्हतं. काही मुलांकडे गेले होते, बरेच मेले होते.

"माझ्या भावाने चोरी केली नाही," तातय्या म्हणाले. आवाज लागला नाही. त्यांनी खाकरून पुन्हा म्हटलं, मोठ्याने. "नूकाचारीने काही घेतलं नव्हतं. सुळा मी नेला होता. मी, अप्पलाचारीने."

मिक्सर दुरुस्त करणाऱ्याने मान वर केली आणि परत खाली घातली. फुलवाली दोरा दातात धरून बघत राहिली.

"काय झालं, तातगारू?" तिने विचारलं. "कोण नूकाचारी? काही हरवलं का तुमचं?"

तातय्यांनी दोन्ही हातांनी चौकट धरली. पैडम्मा त्यांच्यामागे उभी राहून तोंडाला पदर लावून रडत होती, आणि दारात बसलेला चिन तातय्या, ज्याच्यासाठी हे चाललं होतं, तो गल्लीकडे बघतच नव्हता. तो फरशीकडे बघत होता. त्याला हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते घ्यायला गल्लीत कुणी नव्हतं.

"दोन मिनिटं राहिली," आतून पंतुलुगारू म्हणाले, आणि मग जरा ओशाळून, "पण पंचांगात थोडी सवड असते म्हणा."

*

बोट शेवटी चिन तातय्यानेच धरलं. तो उंबरा ओलांडून आत आला, पाटावर बसला, लास्याला मांडीवर घेतलं. लाखेचा वास होता त्याच्या हाताला. लास्याने तो हुंगला आणि पावनीकडे बघून हसली. तांदळात पहिली रेघ उमटली तेव्हा तातय्या बाजूला भिंतीशी बसले होते, आणि मंत्र म्हणायला त्यांचे ओठ उघडले होते पण आवाज धाकट्या भावाचा येत होता. 'ॐ नमः शिवाय, सिद्धं नमः.' तीन वेळा. पोरीचा ॐ वाकडा आला, शेपटीला जास्तच लांब. कुणी हसलं नाही, म्हणून तीच हसली.

पंतुलुगारू दक्षिणा घेऊन घाईने गेले. पावनी पानं मांडायला उठली. पुलिहोरा, चिंचेचा भात, गार झाला होता, बूरेलु, पुरणाचे तळलेले गोळे, झाकून ठेवलेले होते. 'चिन तातय्या जेवून जाणार ना?' असं विचारायला ती वळली, आणि तशीच थांबली.

त्याने पेटी पुढ्यात ओढली होती. पिशवीतून लाकडी हातोडी काढली. मूठ उघडून मेख जिभेवर ठेवली, क्षणभर, ओलावा लागण्यापुरती.

"उघडी राहू दे, नूका," भिंतीशी बसलेले तातय्या म्हणाले. "आता झाकू नको."

"दमट हवा आहे. पट्टी वाकेल."

"वाकू दे."

"असं काम वाकू देत नाहीत," चिन तातय्या म्हणाला. त्याने पट्टी छत्रीवर बसवली, कडा अंगठ्याने चाचपली, मेख भोकात उभी केली आणि मारली. तीनदा, अगदी हलके. मग वाकून त्यावर फुंकर घातली. पट्टी कुठे सुटली होती ते शोधूनही सापडलं नसतं.

तातय्यांनी हात पुढे केला. पेटीकडे की भावाकडे, पावनीला कळलं नाही. चिन तातय्याने पेटी त्यांच्या बाजूला सरकवली, हातोडी पिशवीत टाकली आणि उठला. "आमच्याकडे जाणारी एलमंचिलीची बस चारची आहे," तो कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाला. पण दाराकडे न जाता तो मोरीवर गेला आणि हात धुऊ लागला. आता जेवायला बसतो की निघतो, हे बघत जगन्नाधम हातात टॉवेल घेऊन नुसता उभा राहिला.

पावनी फरशीवर सांडलेले हळदीचे तांदूळ वेचायला बसली. लास्या तिच्या पाठीवर येऊन पडली, गळ्यात हात टाकून. तिच्या कपाळावरचं चंदन वाळून पावनीच्या मानेला खरखरीत लागलं. पावनीने ते पुसलं नाही. पुसायचं की नाही, तिला ठरवता येईना.

"अम्मा," लास्या कानाशी म्हणाली.

"काय ग, बंगारम?"

"छत्री आत का ठेवली? पाऊस तर बाहेर पडतो ना?"